रिकाम्या कॅरेटचा हिशेब : प्रस्तावना

२०१७ च्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांवर तूर होती, शेतकरी होते, काटाही होता. नव्हते ते बारदान. पोती येईपर्यंत मापे बंद, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या रांगा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत तोच पाढा पुन्हा वाचला गेला. दोन्ही वेळा सरकारवर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण आपल्या गाळ्यात, डेअरीत, गोदामात असाच प्रकार आठवड्याआड घडतो, त्याची मात्र बातमी होत नाही. माल तोडून तयार, पिकअप दारात उभा, आणि कॅरेट नाहीत. विकत घेतलेले होते, रोख मोजून घेतलेले होते, पण ते या घडीला पुण्याच्या मार्केट यार्डात कुणाच्या तरी गाळ्यामागे थप्पी लागून पडलेले असतात. मग घाईघाईने आणखी शंभर कॅरेट घेतले जातात. वर्षअखेरीला विचारावे की एकूण कॅरेट किती, तर मालक सांगतो "असतील हजारेक", दिवाणजी सांगतो सातशे, आणि गोदामात मोजावे तर दीडशे भरतात.

ही पुस्तिका त्या मधल्या गायब साडेआठशे कॅरेटविषयी आहे. बीड जिल्ह्यातले भाजी-फळांचे अडते, गावोगाव दूध गोळा करणारे, पाण्याचे जार पुरवणारे, सीताफळ बाहेरगावी पाठवणारे शेतकऱ्यांचे गट आणि या सगळ्यांची वही लिहिणारे माझ्यासारखे हिशेबनीस हा तिचा वाचक. माल भरून जाते आणि रिकामे होऊन परत यायचे असते, अशा प्रत्येक भांड्याला इथे 'परतीचे भांडे' म्हटले आहे. त्यात प्लास्टिकचे कॅरेट, दुधाचा कॅन, वीस लिटरचा जार, गॅसची टाकी, काचेची बाटली, रसायनाचा ड्रम, कारखान्यातला पॅलेट असे सगळे आले. ते परत यावे म्हणून जी रक्कम अडकवून ठेवायची ती अनामत. व्याख्या एवढीच. गुंता पुढे आहे.

गुंत्याचे पहिले टोक मालकीत आहे. भांडे कुणाचे, यावर बाकी सगळे ठरते. खेड्यात दूध घालायला येणारा गवळी दूध आपल्या कॅनमधून आणतो आणि गिऱ्हाइकाच्या पातेल्यात ओततो. दोघांची भांडी आपापल्या घरी राहतात, म्हणून तिथे अनामतीचा प्रश्नच उठत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था जगभर वाखाणली जाते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ती सुरू केली असे सांगतात. तिच्या कौतुकात एक गोष्ट सहसा निसटते. डबा गिऱ्हाइकाचा असतो. तो हरवला तर जेवणाऱ्याचीच पंचाईत, म्हणून जेवणारा स्वतःच तो वेळेवर बाहेर ठेवतो. दुपारी रिकामे डबे घेऊन परतायचे हे निम्मे काम आहे आणि ते अनामतीशिवाय चालते, कारण भांड्याची ओढ योग्य माणसाला आहे. अडत्याच्या कॅरेटचे नेमके उलटे. ज्याचे कॅरेट त्याच्या हातात ते नसते, आणि ज्याच्या हातात असते त्याला ते परत देण्याची काहीच घाई नसते. उलट कांदे-बटाटे ठेवायला, कोंबडीची पिल्ले झाकायला, दुकानापुढे बसायला त्याला ते बरेच पडते.

सोपे उदाहरण जारचे. बीड, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई कुठेही जा, दुकानांच्या पायरीवर थंड पाण्याचा जार दिसतोच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येईल याची शाश्वती नसते, तिथे हा धंदा वाढला यात नवल नाही. या धंद्यात आतल्या मालापेक्षा भांडे कित्येक पटीने महाग आहे. एक जार हरवला की तो भरून विकून मिळालेला बऱ्याच फेऱ्यांचा नफा गेला म्हणून समजा. तरी रोजच्या दुकानदाराकडून कुणी अनामत घेत नाही. पोऱ्या भरलेला जार ठेवतो, रिकामा उचलतो आणि खिशातल्या डायरीत दोन उभ्या रेघा ओढतो. एकास एक अशी ही अदलाबदल असते. रिकामा नसेल तर भरलेला नाही, आणि हा नियम पाळला तर अनामतीची गरजच उरत नाही. तो मोडतो लग्नात. पन्नास जार मंडपात जातात, पंगती उठतात, मंडपवाला आपले सामान उचलतो, आचारी आपली पातेली उचलतो, आणि त्या गडबडीत सहा जार कुणाच्या टेम्पोत गेले याचा पत्ता लागत नाही. वधूपित्याला त्या दिवशी जारबद्दल विचारायचे धाडस कुणी करत नाही. आठ दिवसांनी विचारावे तर तो म्हणतो, आम्ही सगळे परत केले. म्हणून जाणता जारवाला रोजच्या गिऱ्हाइकाकडून काही घेत नाही, पण लग्नाची अनामत आगाऊ घेतो आणि परतीची मोजणी मंडप उठण्याआधी, त्याच रात्री करतो. पुस्तिकेतले अर्धे शहाणपण या जारवाल्याच्या डायरीत सापडेल.

कॅरेटचे गणित मात्र डायरीच्या रेघांनी सुटत नाही, कारण कॅरेट लांब जाते. इथे थोडे थांबून आकडे मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, एक अडत्या रोज शंभर कॅरेट टोमॅटो पुण्याला पाठवतो. गाडी संध्याकाळी भरते, पहाटे यार्डात उतरते, खरेदीदार माल कॅरेटसकट आपल्या दुकानी नेतो, एक-दोन दिवसांत विकतो, रिकामे कॅरेट यार्डात आणून टाकतो आणि तिथून ते परतीच्या गाडीची वाट पाहत बसतात. हा फेरा सहा दिवसांचा धरला, तर रोज शंभर पाठवण्यासाठी त्याच्याकडे सहाशे कॅरेट हवेत. फेरा नऊ दिवसांवर गेला की नऊशे लागतात. माल तेवढाच, विक्री तेवढीच, आणि कॅरेट मात्र तीनशे जास्त. एक कॅरेट तीनशे रुपयांचे धरले तर नव्वद हजार रुपये केवळ उशिरात गुंतले. हे गणित मांडून दाखवले की व्यापारी लगेच व्याज काढतो. बारा टक्क्यांनी वर्षाला दहा हजार आठशे. "एवढंच ना?" म्हणतो, आणि विषय मिटवतो.

विषय तिथे मिटत नाही. आता हरवण्याचे गणित करू. दर फेऱ्याला शंभरातले तीन कॅरेट परत येत नसतील तर एक कॅरेट सरासरी तेहतीस फेरे जगते, म्हणजे एका फेऱ्याला नऊ रुपये पडते. शंभरात एकच हरवत असेल तर शंभर फेरे, आणि फेऱ्याला तीन रुपये. फरक कॅरेटमागे सहा रुपयांचा, रोजच्या शंभर कॅरेटवर सहाशे रुपयांचा. व्याजाचे वर्षाचे दहा हजार आठशे या हरवण्यात अठरा दिवसांतच जातात. तेव्हा खरे नुकसान हरवण्यात आहे, उशिरात नाही, असे वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते, आणि वह्या तपासत गेल्यावर दिसले की ही दोन निराळी खाती नाहीतच. सहाव्या दिवशी आले नाही ते कॅरेट नवव्या दिवशी येण्याची शक्यता असते. पंधराव्या दिवशी आले नाही ते बहुधा कायमचे गेलेले असते. कुणी चोरत नाही. ते दुसऱ्याच्या थप्पीत मिसळते, त्याच्यावरचे रंगाने लिहिलेले नाव उन्हाने पुसट होते, त्यात दुसऱ्या गावचा माल भरला जातो आणि ते नाशिकच्या नाहीतर हैदराबादच्या वाटेला लागते. उशीर हीच हरवण्याची पहिली पायरी. म्हणून या पुस्तिकेत 'किती गेले' या रकान्याशेजारी 'कधी गेले' हा रकाना आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. बहुतेक वह्यांत तो नसतो.

परतीच्या गाडीचीही एक अडचण आहे. नेहमीचे कॅरेट एकात एक बसत नाही. रिकामे असताना त्याचे वजन दोन किलोच्या आतबाहेर, पण जागा भरलेल्या कॅरेटएवढीच. शंभर रिकाम्या कॅरेटचे वजन दोनशे किलोही भरत नाही, आणि तरी पिकअपचा हौदा काठोकाठ भरतो. पुण्याहून बीडकडे येणाऱ्या ड्रायव्हरला तेवढ्या जागेत किराणा, पाइप, फर्निचर असे रोख भाड्याचे काही मिळाले तर तो कॅरेट का घेईल? त्यामुळे कॅरेट सर्वात शेवटी चढतात, म्हणजे बऱ्याचदा चढतच नाहीत. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरपर्यंत. तोवर जिल्ह्याच्या बहुतेक भागाला रेल्वे नव्हती. इथला व्यापार वाढला तो ट्रकच्या चाकांवर, आणि ट्रकचे भाडे जाताना मालावर ठरते, येताना मोकळ्या हौद्यावर. घडी होणारे कॅरेट मिळतात. ते महाग पडतात आणि बिजागरीत मोडतात, पण परतीची जागा बरीच वाचवतात. दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या फेऱ्याला ते परवडतात की नाही, याचा हिशेब परतीच्या प्रकरणात मांडला आहे. गावातल्या गावात फिरवायला ते घेऊ नयेत, एवढे इथेच सांगून ठेवतो.

आता पट्टीकडे येऊ. शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी नीट वाचली तर परतीच्या भांड्याचे सगळे राजकारण तिच्यात दिसते. वर मालाचे नाव, नग, वजन, भाव. खाली वजावट म्हणजे हमाली, तोलाई, मोटारभाडे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तेव्हा पट्टीतली एक मोठी ओळ कायद्याने पुसली गेली. पण तळाशी कधी कधी आणखी एक ओळ असते, 'कॅरेट बाकी'. मागच्या खेपेला शेतकऱ्याने चाळीस नेले, अडतीस मालासकट आणले, दोनांचे पैसे कापले. हे दोन खरोखर शेतकऱ्याकडे राहिले, की यार्डात उतरवताना मोजायचे राहिले, हे सांगणारा कागद दोघांकडेही नसतो. आणि कागद नसला की ज्याच्या हातात पट्टी लिहिण्याचा पेन, त्याचेच खरे.

वजनातही तेच. भरलेले कॅरेट काट्यावर ठेवतात आणि कॅरेटचे वजन वजा करतात. जिथे सरसकट दोन किलो धरायची पद्धत आहे आणि कॅरेट प्रत्यक्षात एक किलो सहाशे ग्रॅमचे आहे, तिथे कॅरेटमागे चारशे ग्रॅम टोमॅटो फुकट गेले. शंभर कॅरेटला चाळीस किलो. पोत्याच्या काळात याला कडता म्हणत आणि त्यावरून आंदोलने झाली. पोते गेले, कॅरेट आले, कडता मात्र कॅरेटच्या वजनात दडून राहिला. उपाय अगदी किरकोळ आहे. कॅरेटवर त्याचे रिकामे वजन तापल्या लोखंडाने उमटवून घ्यावे, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलायला जागा उरत नाही. दुधाच्या कॅनच्या गळ्यावर लाल ऑइल पेंटने क्रमांक टाकतात, तसे. कॅनचीही आपली दुखणी आहेतच. पोचा आलेल्या चाळीस लिटरच्या कॅनमध्ये चाळीस लिटर मावत नाही, झाकण कॅनआधी हरवते, आणि झाकण नसलेला कॅन टेम्पोत चढवता येत नाही म्हणून तो संकलन केंद्राच्या कोपऱ्यात पडून राहतो. पण गावोगाव बल्क कूलर आले, दूध टँकरने जाऊ लागले आणि कॅनचा फेरा गावापुरता आखूड झाला. आखूड फेऱ्यात भांडे हरवत नाही, म्हणून दुधाचे प्रकरण पुस्तिकेत सर्वात लहान आहे.

अनामत किती घ्यावी? हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असते: कॅरेटच्या किमतीएवढी. ते अर्धेच बरोबर आहे. घरगुती गॅसच्या टाकीकडे पाहा. १४.२ किलोच्या टाकीची अनामत जून २०२२ मध्ये १४५० रुपयांवरून २२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० वरून २५०. पण ही नव्या जोडणीची रक्कम. ज्यांनी पूर्वी काही शे रुपये भरून जोडणी घेतली, त्यांना टाकी परत केल्यावर त्यांच्या जुन्या पावतीवर लिहिलेली रक्कमच मिळते. टाकी तीच, लोखंड तेच, आणि परत करणाऱ्याला मिळायचे ते मात्र वीस-तीस वर्षांपूर्वीच्या भावाने. साहजिकच जुनी जोडणी कुणी परत करत नाही. ती सुनेच्या नाहीतर धाकट्या भावाच्या घरी जाते. अनामत ठरवली त्या दिवशी बरोबर होती, नंतर महागाईने तिला खाल्ले. भांड्याचा दुसऱ्या कुणाला होणारा उपयोग अनामतीपेक्षा जास्त झाला की ती अनामत उरत नाही, स्वस्तातली विक्री होऊन बसते.

मग वाढवा अनामत, असे म्हणावे तर दुसऱ्या बाजूला मंडईतला किरकोळ भाजीवाला उभा असतो. पहाटे दहा कॅरेट माल घेताना त्याने कॅरेटमागे तीनशेप्रमाणे तीन हजार अडकवायचे, तर त्या दिवशीचे त्याचे भांडवल तिथेच संपले. व्यवहारात काय होते, तर तोंड बघून अनामत. ओळखीच्याला माफ, नवख्याला पूर्ण, मोठ्या हॉटेलवाल्याला मागायची हिंमतच नाही. आणि कॅरेट सर्वात जास्त दिवस अडकतात ते त्या हॉटेलवाल्याकडेच. माझे मत असे की अनामत माणसागणिक बदलू नये, दिवसांगणिक बदलावी. तीन दिवसांत परत आणणाऱ्याला नाममात्र, आठवडा लावणाऱ्याला निम्मी, त्यापुढे पूर्ण किंमत. हे बोलायला सोपे आणि राबवायला किचकट आहे हे मान्य, कारण त्यासाठी तो 'कधी गेले'चा रकाना भरावा लागतो. पण तो न भरता अनामत घेणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पुढे तिला स्वतंत्र प्रकरण आहे. कॅरेट दिले म्हणजे विकले नाही, ते ठेव म्हणून सोपवले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १४८ अशा सोपवणुकीविषयी आहे. कलम १६० सांगते की मुदत संपली की मागण्याची वाट न पाहता वस्तू परत करायची, आणि कलम १६१ प्रमाणे वेळेवर परत न केल्यास त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कलमांना एकच गोष्ट लागते, मुदत. आपल्या चलनावर ती छापलेली नसते. 'कॅरेट आठ दिवसांत परत' एवढी ओळ छापली की मागे कायदा उभा राहतो.

कराचे प्रकरण जास्त रंजक आहे. पंजाब डिस्टिलिंग इंडस्ट्रीज नावाची मद्यनिर्मिती करणारी कंपनी होती. युद्धकाळात बाटल्यांचा तुटवडा होता, म्हणून रिकाम्या बाटल्या परत घेण्याची योजना आली. कंपनीने बाटलीच्या किमतीवर आणखी एक रक्कम 'अनामत' म्हणून घ्यायला सुरुवात केली. नव्वद टक्के बाटल्या परत आल्या की ती पूर्ण परत मिळायची. आलेली सगळी अनामत परत द्यावी लागली नाही आणि कंपनीकडे शिल्लक साठली. प्राप्तिकर खाते म्हणाले हे उत्पन्न आहे, कंपनी म्हणाली ही ठेव आहे. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. दारूच्या विक्रीतूनच आलेली ही रक्कम व्यापारी जमा आहे, तिला नाव कोणतेही द्या. पुढे १९९७ मध्ये युनायटेड ब्रुअरीज विरुद्ध आंध्र प्रदेश या विक्रीकराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने परतीच्या बाटल्या आणि खोक्यांवरची अनामत ही त्यांची विक्री नव्हे, असे ठरवले. दोन निकाल एकमेकांना छेद देतात असे वाटते, पण ते तसे नाहीत; एकात प्रश्न उत्पन्नाचा होता, दुसऱ्यात विक्रीचा. आपल्यासाठी दोन्हींतला धडा एकच आहे. योजना कागदावर कशी लिहिली आहे आणि ती प्रत्यक्षात तशीच चालते का, हे बघूनच निवाडा होतो. जुन्या उत्पादन शुल्काच्या काळातही टिकाऊ आणि परतीच्या वेष्टनाची किंमत मालाच्या मूल्यातून वगळता यायची, मात्र भांडे नुसते मजबूत असून भागत नसे, ते परत घेण्याचा करार दाखवावा लागे.

आज जीएसटीच्या कायद्यात, कलम २ मधल्या मोबदल्याच्या व्याख्येतच, अनामतीची तरतूद आहे. पुरवठ्यापोटी घेतलेली अनामत ही मोबदला धरली जात नाही, जोवर पुरवठादार ती मोबदला म्हणून वळती करून घेत नाही. म्हणजे अनामत घेताना कर नाही. कॅरेट आले नाही म्हणून ती जप्त केली त्या दिवशी कर. आणि इथेच वह्या चुकतात. वर्षानुवर्षे अनामत 'देणे' म्हणून पडून असते, कॅरेट केव्हाच भंगारात गेलेले असते, आणि तपासणीच्या वेळी अधिकारी विचारतो, हे देणे कुणाचे? उत्तर नसते. रिकामे कॅरेट नेताना विक्रीचे बिल होत नाही, डिलिव्हरी चलन लागते, हेही कित्येकांना गाडी अडवल्यावर कळते. दुधाच्या कॅनवरचा कर जुलै २०२४ मध्ये सर्व धातूंसाठी एकसारखा बारा टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आला. कॅन घेणाऱ्यांच्या दृष्टीने तेवढाच दिलासा.

सरकारनेही अनामतीचा प्रयोग करून पाहिला आहे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतावा छापून ती परत घेण्याची तरतूद होती. पिशवी परत देऊन पन्नास पैसे घेतलेला माणूस आजही शोधावा लागेल. कारण सरळ आहे. पन्नास पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून, दुकानात नेण्याचे कष्ट कुणी घेणार नाही, आणि दुकानदाराला ती ठेवायला जागा नाही. निलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत घेतात आणि ती योजना चालली. तिथे रक्कम बोचणारी आहे आणि बाटली जिथे घेतली त्याच दुकानात परत जाते.

परदेशांतली दोनच उदाहरणे घेतली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे ठेवलेल्या पॅलेट आणि अवजारांतून तिथल्या सरकारने एक सामायिक साठा उभा केला. पुढे तो ब्रॅम्बल्स या कंपनीने घेतला, आणि आज 'चेप' या नावाने त्याचे निळे पॅलेट जगभर फिरतात. जर्मनीत खनिज पाणी विकणाऱ्या कंपन्यांनी १९६९ मध्ये सगळ्यांसाठी एकच बाटली ठरवली, म्हणजे कुणाची बाटली कुणाकडे परत गेली तरी बिघडत नाही. आपल्याकडे प्रत्येक अडत्याचे कॅरेट निराळ्या रंगाचे, त्यावर निराळे नाव. पुण्याच्या गाळ्यात रंग निवडत बसायला माणूस लागतो, आणि तो पगार कुणी देत नाही. बाजार समितीने एका रंगाचे, एका मापाचे कॅरेट घेऊन अडत्यांना भाड्याने द्यावेत, ही सूचना मी बऱ्याच बैठकांत मांडली. दरवेळी एकच आक्षेप येतो: "माझे नवे, त्याचे फुटके, आणि फुटके माझ्या वाट्याला आले तर?" आक्षेप खोटा नाही. सामायिक साठा तिथेच टिकतो, जिथे फुटलेले बाजूला काढण्याची जबाबदारी एका पगारी माणसावर असते.

एक गोष्ट या पुस्तिकेत ठासून सांगितली आहे आणि ती काहींना आवडणार नाही. कॅरेटची तूट बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या, हमालाच्या किंवा पोऱ्याच्या पगारातून कापतात. हा जिल्हा ऊसतोडणीचा. माणसाला आगाऊ रक्कम देऊन हंगामभर बांधून ठेवणारी उचल काय असते हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उचल माणसावर चढते, अनामत वस्तूवर असावी. जेव्हा कॅरेटचे पैसे पोऱ्याच्या पगारातून जातात तेव्हा अनामत उचलीच्याच वाटेने चालू लागते. ज्याने कॅरेट नेले नाही, ठेवले नाही, वापरले नाही, तो केवळ हाताशी आहे म्हणून भरतो. शिवाय हिशेबाच्या दृष्टीनेही ते चुकते, कारण कॅरेट ज्या गाळ्यात अडकले आहेत त्या गाळ्याला काहीच झळ लागत नाही आणि पुढच्या महिन्यात तिथेच तेवढेच अडकतात.

प्रकरणांचा क्रम सोयीचा आहे, सक्तीचा नाही. जारवाल्याने दुसरे आणि पाचवे वाचले तरी चालेल. हिशेबनीसाने कराचे प्रकरण आधी घ्यावे. शेवटी वहीचे कोरे नमुने जोडले आहेत. त्यात तारीख म्हणजेच 'कधी गेले', कुणाला, किती गेले, किती आले, मुदत, अनामत आणि तूट असे सात रकाने आहेत, जास्त नाहीत. संगणकावर करणाऱ्यांनी जरूर करावे, पण पहिले वर्ष कागदावर काढावे. यार्डात पहाटे चार वाजता मोबाइल हातात धरून कुणी आकडे टाकत नाही, पेन मात्र कानावर असतो. ज्यांच्या बागा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहेत आणि ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ बाहेर पाठवायचे आहे, त्यांच्यासाठी एक वेगळे टिपण दिले आहे, कारण सीताफळ झाडावरून उतरल्यावर तीन-चार दिवसांत पिकते आणि कॅरेटची वाट पाहत नाही. तोड सप्टेंबरात सुरू होते, पुढे दिवाळीपर्यंत कुणाला फुरसत नसते. कॅरेटची पहिली मोजणी पोळ्याच्या आत उरकून घ्यावी.